रिपोर्ट नॉर्मल, गोळी बंद

आपल्याकडे कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर सुरू करतात आणि मेव्हणा बंद करतो. मेव्हणा परगावी असला तर सोसायटीच्या बाकावरचे निवृत्त बँक मॅनेजर बंद करतात. दोघंही हाताशी नसले तर पेशंट स्वतःच्या हिमतीवर बंद करतो. कारण घरोघरी एकच: रिपोर्ट नॉर्मल आला.

‘एकशे अडुसष्ट होतं, ब्याऐंशीवर आलं बघा. सुटलो एकदाचा!’

‘मग आता गोळीचं काय?’

‘आता कशाला? उगाच रोज केमिकल पोटात ढकलायचं. डॉक्टर काय, म्हणणारच चालू ठेवा. त्यांचं काय जातंय?’

ब्याऐंशीवर त्या गोळीनंच आणून ठेवलंय आणि गोळी गेली की ते ब्याऐंशीही जाणार, हे सांगायला गेलात तर तुम्ही औषध कंपनीचे एजंट ठरता. चष्मा लावल्यावर अक्षरं स्पष्ट दिसली म्हणून चष्मा भंगारात देणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. गोळीच्या बाबतीत मात्र तो गल्लोगल्ली आहे.

खोड जुनी आहे. औषध म्हणजे पाच दिवसांचा कोर्स, ही आपली पक्की समजूत. त्यातही ताप तिसऱ्या दिवशी उतरला की उरलेल्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात, ‘असू दे, लागतील कुणाला तरी’. कोलेस्टेरॉलला कोर्स नसतो. ते दुखत नाही, खुपत नाही, खाजत नाही. कित्येकांना त्याचा पहिला निरोप थेट आयसीयूतच मिळतो. ज्यानं आयुष्यात कधी त्रासच दिला नाही त्याच्यासाठी रोज गोळी घ्यायची, हे मराठी मनाला हिशेबात बसत नाही.

आता त्या ‘नॉर्मल’कडे येऊ. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जे आकडे छापलेले असतात ते सगळ्या गावाला एकच असतात. पंचविशीतल्या पोरीला तेच, बायपास झालेल्या आजोबांना तेच. कागदाला तुमचा इतिहास ठाऊक नसतो. त्याला फक्त ठळक अक्षरात छापायचं की साध्या, एवढंच कळतं. आणि आपणही रिपोर्ट वाचतो तो ठळक अक्षरांपुरताच. ठळक नाही ना? मग पेढे आणा!

२०२४च्या जुलैमध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं पहिल्यांदाच भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात धडधाकट माणसासाठी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १००च्या आत, मधुमेह-बीपीसारखी जोखीम असलेल्यांसाठी ७०च्या आत आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसाठी ५५च्या आत ठेवा, असं सांगितलंय. म्हणजे वरचं ब्याऐंशी शेजारच्या जोशीबाईंना शोभतं. छातीत दोन स्टेंट घेऊन फिरणाऱ्या काकांना ते नॉर्मल नाहीच. पण काकांनी पेढे वाटून झालेत, आता बोलायचं कुणी?

त्याच सूचनांत आणखी एक गंमत आहे. उपाशीपोटीच तपासणी केली पाहिजे असं नाही, असं त्या म्हणतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी हेच २०१६ मध्ये सांगून ठेवलंय. ट्रायग्लिसराइड फारच जास्त निघाली तर पुन्हा उपाशीपोटी बोलावतात, एवढंच. आपल्याकडे मात्र लिपिड प्रोफाइल हे व्रत आहे. आधीचे आठ दिवस तूप बंद. चतुर्थीची खिचडी बंद. जेवणानंतर शतपावली, तीही मोजून शंभर. रात्री आठनंतर पाण्याचा घोट घेताना बायकोची परवानगी. सकाळी सातला रक्त दिलं, कापसाचा बोळा दंडाला दाबून धरला, जिना उतरला, आणि कोपऱ्यावर: ‘एक मिसळ, तर्री वेगळी द्या, पाव जास्त.’

फसवलं कुणाला? त्या आठ दिवसांनी ट्रायग्लिसराइड थोडी खाली येतात. एलडीएल बहुतेक जागच्या जागी असतं. आणि तुमच्या रक्तवाहिनीनं उरलेले ३५७ दिवस पाहिलेले असतात.

बऱ्याच रिपोर्टांमध्ये एलडीएल मोजलेलं नसतं, वजाबाकी करून काढलेलं असतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. टोटलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून तेही वजा करा, उरेल ते एलडीएल. हे सूत्र १९७२चं, फ्रीडवाल्ड यांचं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेली की ते कोलमडतं. गणितात आयुष्यभर काठावर पास झालेली मंडळी या वजाबाकीच्या उत्तरावर स्वतःची औषधं ठरवतात, याला धैर्य म्हणायचं.

शाकाहारी मंडळींचा थाट आणखी वेगळा. ‘आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, आम्हाला कसलं कोलेस्टेरॉल?’ शरीरातलं बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, त्यात मोठा वाटा यकृताचा. यकृत तुमचं पंचांग बघत नाही. शिवाय ते वाढवायला अंडंच लागतं असंही नाही. साजूक तूप, लोणी, साय, पामतेल, खोबरेल, बेकरीतली खारी यातली संपृक्त चरबी ते काम चोख करते. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं हिरव्या अक्षरात छापलेलं असतं, शेजारी लाल हृदय. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं. काढलं म्हणून नव्हे, मुळातच नसतं म्हणून. पामतेलातही नसतं, आणि पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. त्याबद्दल पिशवीवर हिरवी अक्षरं दिसत नाहीत.

खाणं सांभाळून फरक पडतोच. तो कुणी नाकारत नाही. पण ज्याच्या घराण्यातच दोष आहे त्याचं निव्वळ दुधीभोपळ्यानं भागत नाही. दुधीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. बागेबाहेर सकाळी जो हिरवा रस पेल्यानं विकला जातो त्यातला दुधी कडू निघाला तर तो विषारी असतो. माणसं दगावल्यावर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीला सांगावं लागलं की कडू रस पिऊ नका, थुंकून टाका. पण गोळीचे साइड इफेक्ट गुगलवर रात्रभर वाचणारा माणूस सकाळी तोच रस डोळे मिटून घटाघटा पितो. का, तर नैसर्गिक आहे.

या ‘नैसर्गिक’वाल्यांसाठी एक गोष्ट.

अकिरा एंडो नावाचे जपानी संशोधक होते. साठच्या दशकात ते न्यूयॉर्कला होते, तेव्हा हृदयविकाराच्या पेशंटना उचलून नेणाऱ्या रुग्णवाहिका त्यांनी वरचेवर पाहिल्या. बुरशीचं वेड त्यांना लहानपणापासून, आणि आदर्श पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंग यांचा. टोकियोत सांक्यो कंपनीत परतल्यावर त्यांनी हिशेब मांडला. बुरशीला शत्रू जंतूंशी लढायचं असतं, त्यासाठी ती जंतूंचा स्टेरॉल बनवायचा मार्गच अडवणारं काहीतरी तयार करत असेल. मग बुरश्या गोळा करायला बसले. एक नाही, शंभर नाही, सहा हजारांवर. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा जिमला गेलं की स्टेटस पडतं.

शेवटी १९७३ मध्ये सापडलं. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेली निळसर-हिरवी बुरशी. आपण असा तांदूळ दुकानदाराच्या तोंडावर फेकून आलो असतो. त्या बुरशीतून निघालं कॉम्पॅक्टिन, जगातलं पहिलं स्टॅटिन. यकृत ज्या एन्झाइमच्या जोरावर कोलेस्टेरॉल बनवतं, ते एन्झाइम हे औषध अडवतं. मग यकृताला तुटवडा जाणवतो आणि ते रक्तातलं एलडीएल जास्त प्रमाणात ओढून घेतं. एलडीएल ओढून घेण्याची ही यंत्रणा उलगडणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं.

एंडो यांना नोबेल मिळालं नाही. रॉयल्टीही मिळाली नाही. मुळात त्यांचं औषध कंपनीच्या उंदरांवर चाललंच नाही, तेव्हा गाशा गुंडाळायचीच वेळ आली होती. मग एका सहकाऱ्याकडच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते खाऊ घालून पाहिलं आणि कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल धाडकन खाली आलं. पुढे कंपनीनं कच खाल्ली, अमेरिकेतल्या मर्कनं दुसऱ्या बुरशीतून लोव्हास्टॅटिन काढलं आणि १९८७ मध्ये बाजारात पहिला मान त्याला मिळाला. एंडो २०२४च्या जूनमध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना कुणी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहिली नाही. त्या दिवशी लिंबू-लसूण-आल्याचा काढा फिरत होता.

आजची अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन प्रयोगशाळेत तयार होते हे खरं. पण मूळ पुरुष तो तांदळावरचा. चीनमध्ये लाल यीस्ट लावून आंबवलेला तांदूळ खातात. त्याच्या कॅप्सूल ‘हर्बल’ म्हणून चढ्या भावानं विकल्या जातात. त्यातला मोनाकोलिन के नावाचा घटक आणि लोव्हास्टॅटिन हे रसायन म्हणून एकच. म्हणजे केमिकल नको म्हणून लोक तेच केमिकल घेतात, फक्त डोस कुणी मोजलेला नसतो.

स्टॅटिनच्या आधीचे दिवस ज्यांना माहीत नाहीत त्यांनी ‘जुनं ते सोनं’ म्हणू नये. ट्रायपॅरॅनॉल नावाचं औषध १९६२ मध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण लोकांना मोतीबिंदू व्हायला लागले. कोलेस्टायरामीन ही वाळूसारखी पूड पाण्यात ढवळून दिवसातून दोन-चारदा गिळायची, वर बद्धकोष्ठ. एक सर्जन तर लहान आतड्याचा शेवटचा भाग वगळून जोडणी करत. आणि आज एक चपटी गोळी गिळायला आपल्याला लवाद लागतो.

औषध काम करतं का? १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच-साडेपाच वर्षांत पोकळ गोळीच्या गटात २५६ माणसं गेली, औषधाच्या गटात १८२. त्यानंतर अशा चाचण्यांची चळत लागली. लसूण-मधाच्या बाजूनं अशी चळत घेऊन कुणी आलेलं नाही. येतो तो अनुभव, आणि तोही मेव्हण्याच्या साडूचा.

‘पण पाय दुखतात हो त्या गोळीनं.’

दुखतात. काहींचे खरंच दुखतात, हसण्यावारी नेऊ नये. सेरिव्हास्टॅटिन नावाचं भावंड २००१ मध्ये मागे घ्यावं लागलं, कारण स्नायूंची नासाडी होऊन माणसं मेली. आजच्या गोळ्यांनीही क्वचित स्नायूंना इजा होते, काहींची शुगर थोडी वर सरकते. हे खरं आणि सांगायलाच हवं. पण लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं २०२० मध्ये एक नामी प्रयोग छापला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना त्यांनी बाटल्या दिल्या. काही महिने स्टॅटिन, काही महिने पोकळ गोळी, काही महिने रिकामी बाटली. कुठल्या महिन्यात स्टॅटिन आणि कुठल्या महिन्यात पोकळ, ते कुणाला सांगितलं नाही. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्यातला नव्वद टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खोटं नव्हतं. दुखत होतंच. पण ते बहुतेक करून गोळी गिळल्यामुळे होतं, गोळीत काय आहे त्यामुळे नव्हतं. भीती वाचून वाचून पाय दुखू शकतात. आणि साठी उलटलेल्या माणसाचे गुडघे गोळीशिवायही दुखतात, हे तर आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

खरोखर सोसत नसेल तर मार्ग आहेत. डोस कमी करतात, दुसरी स्टॅटिन देतात, एक दिवसाआड देतात. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाऊ न देणारी इझेटिमाइब जोडीला देतात. बेम्पेडोइक ॲसिड नावाची गोळी यकृतातच चालू होते, स्नायूत होत नाही. पण हे मार्ग डॉक्टरांकडे गेल्यावर कळतात. आपण बाकावर जातो.

डॉक्टरांनीही फार साळसूद होऊ नये. ओपीडीत दीड मिनिटात ‘चालू ठेवा’ म्हणून फाइल पुढे सरकवली की पेशंट ते ‘महिनाभर चालू ठेवा’ असं ऐकतो. ही गोळी कशासाठी आणि किती वर्षं, हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. परिणाम? आपल्याकडे निम्मे लोक कोलेस्टेरॉलच्या गोळीला ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात. त्यात ॲस्पिरिन आणि अटोर्वास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. मग दात काढायची वेळ येते. ‘रक्त पातळ करणारं काही घेता का? मग आठ दिवस बंद ठेवा.’ कॅप्सूल बंद होते. दात जातो, कवळी येते, कॅप्सूल काही परत सुरू होत नाही. वर्षानं हार्ट अटॅक आला की नातेवाईक म्हणतात, ‘अहो, सगळी औषधं वेळेवर घेत होते हो.’

किमतीचं रडगाणंही इथे चालत नाही. अटोर्वास्टॅटिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किमतीवर मर्यादा आहे. जनऔषधी केंद्रात दहा मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या दोन वडापावांच्या पैशात येतात. लोक ती स्वस्त गोळी संशयानं उलटसुलट बघतात, आणि पन्नासपट महाग ‘हार्ट केअर’ पावडर मात्र प्रसादासारखी घेतात.

यात खरी मेख वर्षांची आहे. २००३ मध्ये पॅरिसच्या संशोधकांना एलडीएलशी संबंध असलेल्या पीसीएसके-नाइन नावाच्या जनुकाचा सुगावा लागला. पुढे अमेरिकेत डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना काही कृष्णवर्णीय माणसं अशी सापडली, की त्यांच्यात या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी होती. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं. फार नाही. पण हृदयविकार किती कमी? ८८ टक्के. कारण ते कमी एलडीएल त्यांच्याबरोबर पाळण्यापासून होतं. रक्तवाहिनीत किती साचतं हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही, तो आकडा किती वर्षं राहिला यावर ठरतं. सहा महिने गोळी, सहा महिने सुट्टी असं करणारा माणूस नेमकी ही वर्षंच घालवतो. म्हणून तर भारतीय सूचना म्हणतात, पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करा. आपण ती पहिल्यांदा करतो पन्नाशीत, ऑफिसचं पॅकेज फुकट मिळालं म्हणून.

त्याच जनुकावरून इंजेक्शनं निघाली. २०१५ मध्ये अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब आली, पंधरवड्याला एक टोचून घ्यायची. मग आलं इन्क्लिसिरान. सुरुवातीचे दोन डोस झाले की वर्षातून दोनदाच. तेही भारतात पोहोचलंय, किंमत मात्र सामान्यांचा रक्तदाब वाढवणारी. २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका पेशंटवर त्याच्याही पुढचा प्रयोग झाला: सलाइनमधून एकदाच औषध द्यायचं, यकृतातलं ते जनुकच कायमचं बंद करून टाकायचं. हे काम अजून चाचण्यांतच आहे. साधलं, तर ते मेव्हण्याला बंद करता न येणारं पहिलं औषध असेल.

तोवर गोळीच आहे. तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा ‘नॉर्मल आहे ना?’ असं विचारू नका. ‘माझं एलडीएल किती हवं?’ असं विचारा आणि तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्याच हातानं लिहून घ्या. घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला असेल तर लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करायची का, तेही विचारा. ते आनुवंशिक असतं, आपल्याकडे चारातल्या साधारण एकाचं वाढलेलं असतं, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही आणि स्टॅटिननं उतरत नाही. आणि गोळी सोडायचीच असेल तर जरूर सोडा, पण ज्यांनी सुरू केली त्यांना विचारून. स्टॅटिन बंद केल्यावर एलडीएल जुन्या जागी परत यायला महिना-दीड महिना पुरतो. तुमची पुढची तपासणी वर्षानं असते.